दाराबाहेरचा ट्रक

संपादकांना खरं तर बँडवाल्यांवर लेख हवा होता. सत्तरच्या दशकातल्या हार्ड रॉकच्या मोठ्या अल्बमांची पन्नाशी उलटून गेली, तरी नव्याने गिटार हातात घेतलेलं पोर आजही पहिल्यांदा त्यातलीच एखादी सुरावट का वाजवू बघतं, असा त्यांचा प्रश्न होता. मी मोजक्या अल्बमांची यादी केली आणि प्रत्येक अल्बम कुठे, कुणी, कसा मुद्रित केला हे वाचायला बसले. लेड झेपलिनचा तिसरा आणि चौथा अल्बम, त्यांचाच ‘हाउसेस ऑफ द होली’, डीप पर्पलचा ‘मशीन हेड’, रोलिंग स्टोन्सचे ‘स्टिकी फिंगर्स’ आणि ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’, द हूच्या ‘हूज नेक्स्ट’मधलं शेवटचं लांबलचक गाणं. माणसं वेगळी, निर्माते वेगळे, घरं वेगळी, देशही वेगळे. पण या सगळ्यांच्या कामात कधी ना कधी दाराबाहेर एकच ट्रक उभा होता.

तो ट्रक आता कॅनडातल्या कॅलगरी शहरात, नॅशनल म्युझिक सेंटर या संस्थेच्या ताब्यात आहे. माझा भाचा त्याच शहरात राहतो आणि ध्वनिमुद्रण हेच त्याचं पोटापाण्याचं काम. “अगं मावशी, बँडवर सगळेच लिहितात. तू ट्रकवर लिही ना,” असं तो फोनवर म्हणाला, तोवर माझंही तेच ठरत आलं होतं.

ट्रकचा अधिकृत इतिहास थोडक्यात आटोपतो. १९६८च्या सुमारास रोलिंग स्टोन्सना इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्यातल्या स्टारग्रोव्हज या मोठ्या घरात रेकॉर्डिंग करायचं होतं. त्यासाठी घरात यंत्रं बसवण्यापेक्षा स्टुडिओची अख्खी कंट्रोल रूम ट्रकमध्ये बांधावी आणि हवी तिथे न्यावी, अशी कल्पना त्यांचा जुना साथीदार इयन स्ट्युअर्ट याने मांडली. गाडी तयार झाली, तिला रोलिंग स्टोन्स मोबाइल स्टुडिओ हे नाव मिळालं, आणि स्टोन्सना नको असेल तेव्हा ती इतरांना भाड्याने जाऊ लागली. बॉब मार्लीची जुलै १९७५मधली लंडनच्या लायसियम थिएटरातली मैफल तिनेच टिपली. नव्वदच्या दशकात ती विकली गेली, अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला आली आणि २००१ साली तिथून कॅलगरीला.

आकाशवाणीची किंवा दूरदर्शनची ओबी व्हॅन एखाद्या मैफलीबाहेर उभी असलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात विशेष काही वाटणार नाही. फिरत्या गाड्या रेडिओवाल्यांकडे आधीही होत्या. पण त्या जायच्या तिथे कार्यक्रम आधीच ठरलेला असायचा, आणि तो जसा होईल तसा टिपणं एवढंच त्यांचं काम. स्टोन्सच्या ट्रकमध्ये लंडनच्या पहिल्या दर्जाच्या स्टुडिओत असावा तसा कन्सोल होता आणि अनेक ट्रॅकची टेप मशीन होती. आधी आठ ट्रॅकची, लवकरच सोळाची. त्यामुळे एखाद्या रिकाम्या घरात महिनाभर मुक्काम ठोकून, एकेक वाद्य स्वतंत्र मुद्रित करत, गाणं तिथेच घडवता यायचं. हा फरक मोठा होता, कारण त्या वेळचा हार्ड रॉक स्टुडिओत मावत नव्हता.

मावत नव्हता हे शब्दशः घ्यायला हरकत नाही. त्या काळातला आदर्श स्टुडिओ म्हणजे गालिचे, पडदे आणि ध्वनिशोषक भिंती. एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या माइकात शिरू नये म्हणून मध्ये आडोसे उभे करायचे, ड्रमवाल्याला कोपऱ्यातल्या खोपटात बसवायचं, प्रत्येक ड्रमच्या तोंडाशी माइक लावायचा आणि खोलीचा स्वतःचा आवाज शक्य तितका मारून टाकायचा. नंतर मिक्सिंगच्या वेळी प्रतिध्वनी वरून घालायचा. तबल्याला किंवा गिटारच्या हळुवार साथीला हे चालून जातं. पण मार्शल अ‍ॅम्प छातीत धडकेल इतके मोठे लावून वाजवणाऱ्या बँडची गंमतच अशी की त्यांचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो, आणि तो परतीचा आवाज संगीताचा भाग असतो. भिंती मुक्या केल्या की निम्मा बँड गेला. वर घड्याळ असायचंच: स्टुडिओ ठरावीक तासांसाठी मिळायचा आणि पुढची मंडळी दाराशी थांबलेली असायची.

ट्रकने या दोन्ही गोष्टी फिरवल्या. यंत्रं आणि इंजिनिअर बाहेर, बँड आत. मधे जाड केबल. कुठलीही इमारत निवडा, तिचा जिना, तिचा व्हरांडा, तिचं तळघर वापरा. रात्री तीनला सुचलं तर तीनला वाजवा.

*

ट्रक बघायला मी कॅलगरीला गेले, तेव्हा मला सर्वांत जास्त खिळवून ठेवलं ते त्यातल्या हेलिओस कन्सोलने. तो डिक स्वेटनहॅमने घडवलेला. स्वेटनहॅम आधी अ‍ॅबी रोडवर आणि मग लंडनच्याच ऑलिंपिक स्टुडिओत काम करणारा तंत्रज्ञ. ऑलिंपिकसाठी त्याने व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारे कन्सोल बांधले होते, आणि तिथे काम करणाऱ्या इंजिनिअरांना ते इतके भावले की तसेच आपल्यालाही हवेत अशी मागणी सुरू झाली. त्यातून १९६९ साली हेलिओस ही कंपनी निघाली. दहाएक वर्षं चालली, आणि तेवढ्या काळात तिने जेमतेम पन्नासेक कन्सोल बनवले. प्रत्येक कन्सोल गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे वेगळा. स्टोन्सच्या ट्रकमधला त्यातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी.

हेलिओसच्या कन्सोलची मांडणी इंजिनिअरला कवेत घेणारी असते; सरळ लांबलचक टेबलाऐवजी वळलेली, म्हणजे खुर्चीतून न उठता दोन्ही टोकांना हात पोचावा. ट्रकसारख्या अरुंद जागेत याचं मोल काय, ते आत डोकावल्याशिवाय कळत नाही. भाच्याला मात्र मांडणीपेक्षा बटणांत रस होता. आवाजातला खर्ज आणि टीप कमीजास्त करणारा जो भाग, त्याला ही मंडळी ईक्यू म्हणतात, तो स्वेटनहॅमने तारेच्या गुंडाळ्या, म्हणजे इंडक्टर, वापरून केला होता. “हे बटण कितीही पुढे नेलं ना, तरी आवाज बोचत नाही,” भाचा म्हणाला. तो रोज संगणकावर याच कन्सोलची सॉफ्टवेअर नक्कल वापरतो. हेलिओसच्या अशा नकला बाजारात मिळतात आणि चांगल्या खपतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. त्यावर पुढे येते.

यंत्र स्वेटनहॅमचं, पण ट्रक चालवला स्ट्युअर्टने. सगळे त्याला ‘स्टू’ म्हणायचे. त्याच्यावर या लेखाच्या मापापेक्षा जास्त लिहायचा मोह होतो. हा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, रुंद जबड्याचा पियानोवादक रोलिंग स्टोन्सच्या संस्थापकांपैकी एक. १९६३ साली नव्या व्यवस्थापकाला वाटलं की सहा जण फार होतात आणि हा काही पॉप स्टारसारखा दिसत नाही. म्हणून बँडच्या फोटोतून त्याला वगळलं. त्याच्या जागी दुसरा कुणी दार आपटून निघून गेला असता. हा राहिला. बँडची गाडी हाकली, अ‍ॅम्प उचलले, रेकॉर्डवर पियानो वाजवला, आणि पुढे ट्रकची सगळी देखभाल आणि भाड्याचे व्यवहार पाहिले. दौऱ्यात हॉटेलं निवडायची ती जवळ गोल्फचं मैदान आहे का हे बघून. मायनर कॉर्ड त्याला आवडायच्या नाहीत. त्या आल्या की तो पियानोवरून सरळ हात उचलायचा, आणि त्या सरल्या की पुन्हा ठेवायचा.

ट्रक लेड झेपलिनकडे गेला तेव्हा स्टूही बरोबर गेला. त्यांच्या चौथ्या अल्बममधल्या ‘रॉक अँड रोल’ या गाण्यातला पियानो त्याचा. रेकॉर्डिंगच्या त्याच जागेतल्या एका बेसूर झालेल्या पियानोवर त्याने वाजवलेला एक तुकडा १९७५च्या ‘फिजिकल ग्राफिटी’वर त्याच्याच नावाने आला. १९८५च्या डिसेंबरात तो हृदयविकाराने गेला. चार वर्षांनी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्टोन्सना घेतलं, तेव्हा त्या यादीत त्याचंही नाव होतं. फोटोतून गेलेला माणूस तिथे परत आला. मला विचाराल तर त्याचं खरं स्मारक हा ट्रकच.

*

आता त्या ट्रकने केलेली दोन कामं तपशिलात सांगायला हवीत, कारण ‘तो जमाना वेगळा होता’ असं म्हणून भागत नाही; नेमकं काय घडलं ते पाहावं लागतं.

पहिलं हेडली ग्रेंजचं. हॅम्पशरमधल्या हेडली गावातली ही १७९५ सालची तीन मजली इमारत. बांधली ती गावातल्या निराधार गरिबांना ठेवण्यासाठी. १८३०च्या शेतमजुरांच्या उठावात तिच्यावर हल्लाही झाला होता. १९७१च्या सुरुवातीला लेड झेपलिन तिथे राहायला आले तेव्हा ती थंड, ओलसर आणि बरीचशी रिकामी होती. ट्रक बाहेर लावला. आत इंजिनिअर होता अँडी जॉन्स, वय अवघं वीस.

ड्रमवादक जॉन बॉनमसाठी लडविगचा नवा संच आला होता. तो दाराशी, उंच जिन्याच्या पायथ्याला असलेल्या हॉलमध्ये मांडला गेला. जॉन्सने ड्रमच्या जवळ माइक लावायच्या फंदात न पडता बायर कंपनीचे दोन रिबन माइक जिन्यावरून टांगले, आणि त्यांची केबल बाहेर ट्रकमध्ये नेली. बॉनमने ठोका दिला की आवाज आधी थेट वर पोचायचा आणि मग भिंतींवर, पायऱ्यांवर, छतावर आपटून पुन्हा पुन्हा यायचा. आवाजाला एक मीटर कापायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. दहा मीटरचा फेरफटका मारून आलेला ठोका मूळ ठोक्यामागून तीस मिलिसेकंदांनी येतो. कानाला तो वेगळा ऐकू येत नाही, मूळ ठोकाच मोठा आणि भारदस्त वाटतो.

ट्रकमध्ये जॉन्सने हा आवाज कॉम्प्रेसरमधून जोरात दाबला. कॉम्प्रेसर काय करतो? मोठा आवाज खाली ढकलतो, आणि ठोका विरताना जो बारीक आवाज उरतो त्याला वर आणतो. जिन्यातला मंद प्रतिध्वनी त्यामुळे ठोक्याइतकाच ठळक झाला. शिवाय जिमी पेजकडचं बिन्सन इकोरेक मध्ये घातलं. या इटालियन यंत्रात टेपऐवजी फिरतं चुंबकीय ड्रम असतं. त्यावर आवाज उमटतो आणि काही क्षणांनी पुन्हा वाचला जातो. अशा रीतीने ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्याचा ठेका तयार झाला, आणि नंतर टेपची गती कमी करून गाणं आणखी जड केलं गेलं.

या चौथ्या अल्बमची पुढची कथा निराशेची आहे. जॉन्सच्या आग्रहाने पेज टेपा घेऊन लॉस एंजेलिसच्या सनसेट साउंड स्टुडिओत गेला. तिथे मिक्सिंग झालं, सगळे खूश झाले, आणि लंडनला येऊन ऐकलं तर सगळं पोकळ. तिथल्या स्पीकरांनी कानांना फसवलं होतं. बहुतेक काम पुन्हा करावं लागलं. त्या खेपेतून वाचलेलं एकच मिक्स म्हणजे हे जिन्यातलं गाणं. अल्बम ८ नोव्हेंबर १९७१ रोजी आला. एकट्या अमेरिकेत त्याला दोन कोटींहून अधिक प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं आहे. १९८६ साली न्यूयॉर्कच्या बीस्टी बॉइजनी तोच ठेका उचलून आपल्या पहिल्या अल्बमच्या पहिल्याच गाण्याला लावला, आणि त्यानंतर हिप-हॉपवाल्यांनी तो किती ठिकाणी वापरला याला गणती नाही. ज्यांनी झेपलिनचं नावही ऐकलेलं नाही अशा लोकांच्या कानांवर हेडलीचा तो जिना गेलेला आहे.

दुसरं काम स्वित्झर्लंडचं. डिसेंबर १९७१. डीप पर्पलला जिनिव्हा सरोवराकाठच्या माँत्रोच्या कॅसिनोत रेकॉर्डिंग करायचं होतं. हंगाम संपला की कॅसिनो रिकामा मिळणार होता. ट्रक पोचला. ४ तारखेला तिथे फ्रँक झापाची मैफल होती. ती चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताकडे फ्लेअर गन झाडली. आग भडकली आणि इमारत जळून गेली. जीव मात्र कुणाचाच गेला नाही. माँत्रो जाझ महोत्सवाचा संस्थापक क्लोद नोब्स स्वतः धुरात शिरून पोरांना बाहेर काढत होता. पर्पलची मंडळी सरोवरावर पसरलेला धूर बघत बसली.

त्यांच्याकडे ट्रक होता, पण त्याला जोडायला इमारत नव्हती. नोब्सने एक थिएटर मिळवून दिलं. तिथे एका गाण्याचा वाद्यांचा भाग झाला, तोवर शेजाऱ्यांची तक्रार गेली आणि पोलीस आले. टेक पूर्ण होईपर्यंत बँडच्या माणसांनी दार आतून धरून ठेवलं. शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेलं ग्रँड हॉटेल मिळालं. थंडगार. खालच्या बोळात गाद्या उभ्या करून आवाजाला आडोसा केला, हीटर आणले, अ‍ॅम्प आणि ड्रम त्या बोळातच मांडले. केबल खिडकी-दारांतून बाहेर ट्रकपर्यंत. झालेला टेक ऐकायचा तर खोल्या, बाल्कन्या ओलांडून थंडीत ट्रकपर्यंत जावं लागे. काही दिवसांत त्यांनी ऐकायला जाणंच सोडलं. ट्रकमध्ये बसलेल्या इंजिनिअर मार्टिन बर्चने बरं आहे म्हटलं की पुढचं गाणं. ‘मशीन हेड’मध्ये जो सलग, पाय न अडखळता धावणारा जोम आहे, तो या गैरसोयीचा थेट परिणाम आहे असं माझं मत आहे. स्टुडिओत काचेपलीकडे ऐकायची सोय असती, तर पाच जणांनी प्रत्येक टेक पाच वेळा दुरुस्त केला असता.

थिएटरात झालेल्या त्या वाद्यभागावर नंतर आगीचीच हकिकत शब्दांत बसवली. गाण्याचं नाव बास वाजवणाऱ्या रॉजर ग्लोव्हरला झोपेतून जागं होताना सुचलं: ‘स्मोक ऑन द वॉटर’. त्या गाण्याच्या शब्दांत या ट्रकचाही उल्लेख आहे. बँडला ते भरतीचं गाणं वाटलं होतं. मार्च १९७२मध्ये अल्बम आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. ते गाणं मात्र १९७३ साली अमेरिकेत स्वतंत्र निघालं तेव्हा चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. आणि संपादकांचं ते गिटारवालं पोर पहिल्यांदा वाजवतं ते बहुधा हेच. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात कॉलेजांचे रॉक बँड जमायचे, त्या काळात तिथे गेलेल्या कुणालाही विचारा.

मुंबईचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७२च्या ऑक्टोबरात पेज आणि झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. पेजबरोबर स्विस बनावटीचं स्टेलाव्हॉक्स हे उचलून नेता येणारं रेकॉर्डिंग यंत्र होतं. बासरीवादक विजय राघव राव यांच्या मदतीने मुंबईतले वादक जमवून त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही दोन गाणी भारतीय वाद्यांवर पुन्हा बसवली. कुलाब्याच्या स्लिप डिस्क क्लबमध्येही ते एका रात्री वाजवून गेले. ती मुंबईची मुद्रणं अधिकृतपणे यायला २०१५ साल उजाडलं. ट्रक नव्हता, पण सवय तीच: आवाज जिथे आहे तिथे यंत्र न्यायचं.

*

कॅलगरीची स्टुडिओ बेल ही संस्थेची इमारत २०१६च्या कॅनडा दिनी उघडली. तिला लागून किंग एडवर्ड हे जुनं हॉटेल आहे, गावात ‘किंग एडी’ म्हणून ओळखलं जाणारं, एके काळचा ब्लूजचा नामांकित अड्डा. ते विटेवीट उतरवून पुन्हा बांधलं आणि त्याच्या मंचावरून ट्रकपर्यंत जोडणी केली. संस्था आपल्या संग्रहाला जिवंत संग्रह म्हणवते. वाद्यं काचेमागे ठेवून न थांबता ती कलाकारांना वाजवायला द्यायची, ट्रकमध्ये रेकॉर्डिंग करू द्यायचं, असं तिचं धोरण आहे. ऐकायला हे छान आहे. पण याची किंमत काय, हे तिथे गेल्यावर लक्षात येतं, आणि मग बाकीचा इतिहास मागे पडतो.

पहिली अडचण कन्सोलची. त्यात शेकडो कपॅसिटर आहेत. त्यांच्यातलं द्रव कालांतराने सुकतं, यंत्र वापरा वा नका वापरू. बराच काळ वीज दिलीच नाही तर ते आणखी लवकर खराब होतात. स्विचच्या पत्र्यांवर हवेने थर चढतो आणि आवाजात खरखर येते. त्याला उपाय म्हणजे स्विच फिरवत राहणं. म्हणजे या यंत्राला विश्रांती मानवत नाही. शिवाय आठ ट्रॅकचा ट्रक पुढे सोळाचा झाला, नंतर आणखी बदलला. अशा गाडीत दर वेळी कुणीतरी घाईत काही जोडलेलं, काही तोडलेलं असतं, आणि ते मूळ नकाशात सापडत नाही. पन्नासेकच कन्सोल बनलेले, त्यातही प्रत्येक वेगळा. दुकानात जाऊन सुटा भाग मागायची सोय नाही.

दुसरी अडचण टेप मशीनची, आणि ती बरोबर उलटी. टेप जितकी चालवाल तितकं हेड झिजतं. झिजलेलं हेड घासून पुन्हा सपाट करता येतं, पण काही वेळाच. टेप पुढे ओढणारे रबरी रोलर कडक होतात. दोन इंच रुंद टेपवर सोळा ट्रॅक, म्हणजे प्रत्येक ट्रॅकला बराच ऐसपैस पट्टा. त्यामुळे त्या काळचा आवाज भरीव येतो आणि ड्रम जोरात मुद्रित केला तरी फाटायच्या आधी नुसताच गोलसर होतो. पण अडीच हजार फुटांचं रीळ सेकंदाला पंधरा इंचांच्या गतीने तेहतीस मिनिटांत संपतं. आणि असं रीळ आता मिळवायचं कुठून? अमेरिकेतल्या क्वांटेजी या मोठ्या कारखान्याने २००५च्या सुरुवातीला काम थांबवलं, तेव्हा स्टुडिओंमध्ये साठेबाजी सुरू झाली होती. आज व्यावसायिक दर्जाची टेप बनवणारी मुख्य नावं दोनच: पेनसिल्व्हेनियातलं एटीआर मॅग्नेटिक्स आणि फ्रान्समधलं रेकॉर्डिंग द मास्टर्स. रोज दोन-तीन रिळं जाळावीत अशी चैन कुठल्याच संग्रहालयाला झेपणार नाही.

तिसरी अडचण माणसांची, आणि मला ती सर्वांत गंभीर वाटते. कॅलगरीत ट्रक पुन्हा चालू स्थितीत आणण्याचं श्रेय जॉन लाइमसायडर या संस्थेच्या तंत्रज्ञाकडे जातं. टॉन्टो नावाचा खोलीभर पसरलेला सिंथेसायझर दुरुस्त करणाराही तोच. अशा माणसाचं ज्ञान हातांत असतं: कुठला भाग गरम झाला की काय बिघडलंय हे बोट लावून ओळखणं, आणि तो बदलायचा की तसाच ठेवायचा हे ठरवणं. बदलला तर यंत्र चालतं पण थोडं वेगळं वाजतं; ठेवला तर मूळ राहतं पण चालत नाही. हा निर्णय दर आठवड्याला घ्यावा लागतो आणि तो कुठल्याही पुस्तकात लिहिलेला नाही. लाइमसायडर २०१८ साली वारला. स्वेटनहॅमपासून स्टूपर्यंत, अँडी जॉन्सपासून (२०१३) मार्टिन बर्चपर्यंत (२०२०), ज्यांनी हा ट्रक बांधला किंवा त्यात बसून हे अल्बम टिपले, त्यांतले बहुतेक आता विचारायला उपलब्ध नाहीत.

भाच्याचं म्हणणं असं की हा सगळा खटाटोप भावनेचा आहे. “मावशी, ईक्यूचं वळण त्यांनी मोजून घेतलंय. डोळे मिटून ऐकलंस तर तुला फरक सांगता येणार नाही.” मी डोळे मिटून ऐकलं, आणि मला सांगता आला नाही. पण याने माझा प्रश्न सुटला नाही. सॉफ्टवेअर ट्रकमधल्या एका बटणाची नक्कल करतं. हेडलीच्या हॉलमध्ये वीस वर्षांच्या पोराने ड्रमसमोर माइक न लावता ते जिन्यावरून टांगले, त्याची नक्कल त्यात नाही. बर्चचं ‘बरं आहे’ त्यात नाही. ती माणसं पलंगावरच्या गाद्या उचलून बोळात उभ्या करत होती, कारण ट्रक त्यांना एखाद्या जागेत घेऊन गेला होता आणि त्या जागेशी जुळवून घेणं भाग होतं. भाचा स्वतःच्या खोलीत हेडफोन लावून काम करतो. त्याची खोली कशी वाजते, हे त्याने कधी ऐकलेलंच नाही. मी तसं म्हटल्यावर तो थोडा चिडला, आणि मग त्याच्या शिकवणीत हा विषयच नव्हता, असंही म्हणाला.

या जागाही आता हाती राहिलेल्या नाहीत. हेडली ग्रेंज आणि स्टारग्रोव्हज खासगी घरं आहेत. माँत्रोचा कॅसिनो नव्याने बांधला गेला. टेपा मात्र आहेत, आणि त्यांचा उपयोग चालू आहे: २०२४ साली ‘मशीन हेड’चं नवं मिक्स आलं, ते केलं ड्वीझिल झापाने. ज्याच्या मैफलीत कॅसिनो जळला त्या फ्रँक झापाचा हा मुलगा. जुन्या टेपा अशा पुन्हा उघडता येतात, याचं कारण १९७१ साली ट्रकमध्ये प्रत्येक वाद्य आपापल्या पट्ट्यावर नीट उमटलं होतं.

संपादकांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथवर येऊन जे सापडलं ते असं: ते अल्बम टिकले, कारण त्यांत फक्त गाणी नाहीत, खऱ्या जागा आहेत, आणि त्या जागांशी झटापट करणारी माणसं आहेत. म्हणून ट्रक नुसता जपून ठेवला तर त्यातलं नेमकं तेच हरवेल. त्याला झिजू द्यावं, किंग एडीच्या मंचावर नवखे बँड आणून चालवावा, हेड घासून संपलं तर नवं बनवून घ्यावं. नवी इमारत उभी करायला देणगीदार मिळतात, तिच्यावर त्यांची नावंही लागतात. पण हा कन्सोल पुढची वीस वर्षं बोलता ठेवायचा, तर हातात सोल्डरिंग गन घेऊन बसणारे दोन तरुण आजच कामावर ठेवायला हवेत, जुन्यांकडून उरलंसुरलं शिकायला त्यांना काही वर्षं द्यायला हवीत, आणि त्यांच्या पगाराची तजवीज इमारतीच्या आधी व्हायला हवी. भाच्याला मी विचारलं, तू करशील का हे काम? पगार किती, असं त्याने विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता.